जप्त झालेला वास

शाळेतून फोन आला तेव्हा मी शेतात वाल उपटत होतो. रोजा होता, म्हणून ऊन चढायच्या आत काम उरकायला पहाटेची नमाज झाल्याबरोबर शेतात उतरलो होतो. फोन घेतला फरझानाने, माझ्या सुनेने. ती बांधावरूनच ओरडली, "अब्बा, उजमाच्या शाळेत बोलावलंय. पोरीच्या दप्तरात विडी सापडली म्हणतात."

"कसली विडी?"

"बॅटरीवर चालते म्हणे."

मला काही उमगलं नाही. हातपाय धुतले, टोपी बदलली आणि गडबच्या नाक्यावर मिनिडोर रिक्षा पकडून पेणला गेलो. फरझाना आली नाही. नवरा परदेशात असलेली बाई अशा कामासाठी शाळेत दिसली की गावाला बोलायला विषय मिळतो, त्यातून रमजानचा महिना. ती म्हणाली, "तुम्हीच जा. मी आले तर तिला तिथंच बडवीन."

उजमा माझी नात, नववीत आहे. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला बघूनही वळली नाही.

म्हात्रे सरांनी मला खुर्ची दिली आणि टेबलावर एक वस्तू ठेवली. बोटाएवढी लांब, हिरवट निळी. पुस्तकात रेघा मारायला मुलं जाड पेनं वापरतात ना, तशी.

"चाचा, हे काय आहे सांगा."

"पेन."

"मीपण आधी तसंच समजलो होतो. व्हेप आहे हा. आत तंबाखूचा अर्क असतो, बॅटरीवर तापतो, त्याची वाफ ओढायची. सरकारची बंदी आहे, तरी कुठून येतात देव जाणे." त्यांनी टेबलाखालून रंगाचा रिकामा डबा ओढला. डबा तसल्याच वस्तूंनी भरला होता. एक लिपस्टिकसारखी, एक काडेपेटीसारखी, एकीवर आंब्याचं चित्र. "हे सगळे यंदाचे. मुलांकडे सापडतात याचं दुःख होतं, पण मुलगी, तीही तुमच्या घरातली, आणि रोज्याच्या दिवसांत!"

मान खाली घालायची म्हणून ती वस्तू हातात घेतली आणि कशी असते बघू म्हणून नाकाजवळ नेली.

"चाचा, तोंडाला लावू नका!"

तोंडाला नाही लावली. पण वास आला, कलिंगडाचा आणि पुदिन्याचा, आणि त्याखाली किंचित कडवट. तो वास आला आणि आमीर खोलीत आला.

आमीर माझा मुलगा, उजमाचा बाप. शारजाला एका गोदामात कामाला आहे. तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला होता. संध्याकाळी जेवण झालं की मागच्या पडवीत जाऊन बसायचा, आणि तिकडून हा वास माझ्या खाटेपर्यंत यायचा. तिकडचं नवं अत्तर असेल असं मी धरून चाललो होतो. निघायच्या दिवशी त्याने मला मिठी मारली तेव्हा त्याच्या कॉलरलाही तोच वास होता. नंतर कितीतरी दिवस मी माझा तो सदरा धुवायला टाकला नव्हता. शेवटी फरझानाने तो दोरीवरून ओढून बादलीत घातला. तिला काय माहीत!

"सर, हा मला परत द्या," मी म्हटलं.

सर माझ्याकडे बघत राहिले. "चाचा, तुम्हाला कशाला?"

माझ्या मुलाचा वास आहे म्हणून द्या, असं म्हाताऱ्या माणसाने हेडमास्तरांना सांगायचं? मी टोपी सारखी करत बसलो. त्यांना वाटलं मला लाज वाटली.

"परत देता येत नाही, कायदाच आहे. आणि काळजी करू नका, पोरीचं नाव कुठं जाहीर करणार नाही. या सगळ्याचा आम्ही होळीला बंदोबस्त करतोय. हमरापूरचा मिथुन आहे ना, गणपतीवाला, तो शाळेसाठी व्यसनासुर करतोय. हे सगळे व्हेप त्याच्या अंगावर चढवायचे आणि मुलांच्या समोर पेटवायचा. एकदा डोळ्यांनी जळताना बघितलं की मुलं विसरत नाहीत."

कोपऱ्यात विज्ञानाच्या किमया बाई वह्या तपासत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सर, मी सांगितलंय तुम्हाला. त्यात बॅटऱ्या आहेत."

"बाई, होळीत माणसं मोडकी खुर्ची टाकतात, टायर टाकतात. एवढ्याशा बॅटरीचं काय घेऊन बसलात?"

बाईंनी वही मिटली. "टायर फुटत नाही."

सर हसले. माझं लक्ष डब्याकडे होतं. सरांनी ती हिरवट निळी वस्तू माझ्या हातातून घेतली आणि त्या ढिगात टाकली.

परत येताना मिनिडोर वडखळला बराच वेळ थांबली. माणसं भरल्याशिवाय ती काही निघत नाही. उजमा कडेला बसली होती. मी विचारलं, "ओढतेस?"

"नाय दादा." आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. "तो चालतच नाय. संपलेला हाय."

"मग दप्तरात कशाला ठेवला होता?"

ती बाहेर बघत म्हणाली, "हुंगायला."

थोड्या वेळाने आपणहून बोलली. "अब्बा रोज फोन करतात. तोंड दिसतं, आवाज येतो. पण मला त्यांचं जवळ असणं आठवेनासं झालंय, दादा. तो हुंगला की आठवतं. गणिताच्या तासाआधी एकदा हुंगायची, बस."

"सरांना सांगायचं होतंस."

"सांगून काय? मग सगळ्यांना कळलं असतं की अब्बा ओढतात. तुम्हाला पण कळलं असतं."

आमच्या पुढे बसलेली बाई वळून बघायला लागली तसं उजमाने दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

घरी फरझाना दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं, कोणाचा वास तेही सांगितलं. मला वाटलं रडेल. ती उजमावर धावून गेली.

"तू घेतलास होय गो! माझ्या कपाटातून! आठवडा झाला, सगळ्या साड्या खाली काढून शोधतेय मी!"

"तुझ्या कपाटात नव्हता. अब्बांच्या जॅकेटात होता."

"जॅकेट कोणाच्या कपाटात असतं?"

"मला पण हवा होता!"

"मग मागायचास! मला वाटलं उंदरानं नेला. मी त्या पत्र्याच्या पेटीमागे झाडू घालून घालून..." आणि ती उंबऱ्यावर बसली, ओढणी तोंडाला लावून. हसतेय की रडतेय ते मला कळेना. बहुधा दोन्ही.

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आमीर जाताना जॅकेट विसरून गेला आणि खिशात ती वस्तू राहिली. तीन वर्षं फरझाना कपाट उघडून उभी राहत होती आणि आम्हाला वाटायचं हिला कपडे लावायचा नाद आहे.

आमीर का येत नाही, याला रोज नवं उत्तर होतं. कंपनी बदलली, नव्या कंपनीत सुट्टी मिळत नाही, मिळाली तर अर्धा पगार कापतात, उजमाचं पुढचं शिक्षण आहे. उत्तरं सगळी खरी. मी फोनवर एवढंच म्हणायचो, इथं सगळं ठीक आहे, तू तुझं बघ. 'ये' असं मी त्याला कधी म्हटलं नाही. परदेशात कष्ट करणाऱ्या मुलाला बापाने ये म्हणणं म्हणजे त्याच्या पायात पाय घालणं, असं आमच्या गावात मानतात. म्हाताऱ्याने ये म्हटलं की पोरगा समजतो बाप मरायला टेकला.

होळीच्या दिवशी दुपारी मी आणि फरझाना दोघं शाळेत गेलो. ती वाटेत ठरवत होती. "मी सांगणार, माझ्या घरातला हाय, माझ्या नवऱ्याचा हाय. पोरीचा नाय. मग देतील."

"कायदा हाय म्हणतात."

"कायद्याला नवरा नाय का?"

शाळेच्या मैदानात सगळी तयारी झाली होती. मधोमध होळी रचली होती, आणि व्हरांड्याच्या पुढे मिथुनचा व्यसनासुर उभा होता. मिथुन मूर्तिकाराच्या घरातला. गणपतीचे डोळे आखणारा हात, तो राक्षसाला तरी कसा वाईट करील? राक्षसाचे डोळे एवढे मायाळू झाले होते की पोरं त्याच्याबरोबर फोटो काढत होती.

"मिथुन, हा पाप करणारा वाटत नाय रे," मी म्हटलं.

"चाचा, जल्ला हात वळतच नाय! मिश्या लावल्या, दात लावले, तरी बघा कसा आशीर्वाद देतोय." तो खाली मांडी घालून बसला होता. पुढ्यात तो रंगाचा डबा, हातात ड्रिल मशीन. गणपतीला कंठी घालतात तशी व्हेपची माळ करून राक्षसाच्या गळ्यात घालायची, हे त्याचं डोकं. प्रत्येक व्हेपला ड्रिलने भोक पाडायचं आणि तारेत ओवायचा. चार-पाच ओवून झाले होते.

फरझाना सरांकडे गेली. मी लांबून बघत होतो. ती बोलली, सरांची मान हलली, ती परत बोलली. मग सरांनी हात जोडले. हात जोडून नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. ती परत आली आणि मिथुनसमोर उकिडवी बसली.

"भाऊ, त्यातला तो निळा वगळा. भोक नका पाडू. वरून ठेवा नुसता."

"कोणता, वहिनी? हा?" मिथुनने दुसराच उचलला आणि बोलता बोलता ड्रिल लावलं.

आधी फुस्स असा आवाज आला, सापासारखा. मग त्या वस्तूतून पांढरा धूर सुटला आणि मिथुनने ओरडून ती फेकली. ती पडली राक्षसाच्या पायाशी पेंढ्यात. आणि त्यातून आगीची जीभ अशी सुटली की मी फरझानाला दंडाला धरून मागे ओढलं. पेंढा, कागदाचा लगदा, सुका रंग. तो एवढा मोठा देह बघता बघता पेटला. तारेत ओवलेले एकामागून एक फुटायला लागले.

किमया बाई धावत आल्या. "मागे व्हा! सगळे मागे! धूर नाकात घेऊ नका!" पोरांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. ती टाळ्या वाजवायला लागली, एकाने तर बोंब मारली. शिमगाच तो.

लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू होती. बाई, सर, मी, मिथुन, जे हाताला लागेल त्यात वाळू भरून लांबूनच फेकत राहिलो. रंगाच्या डब्यावर पण फेकली, कारण त्याची कड वितळायला लागली होती. कोणाला काही झालं नाही. मिथुनच्या मनगटावरचे केस तेवढे जळाले. व्यसनासुर मुहूर्ताच्या आधीच संपला. एक डोळा राहिला होता जमिनीवर, तसाच मायाळू.

म्हात्रे सर पायरीवर बसले. घाम पुसायचं भान नव्हतं. "बाई, पोरांच्या मधोमध पेटवणार होतो मी हे," एवढंच म्हणाले. बाई त्यांना काही टोचून बोलल्या नाहीत. पाणी आणून दिलं.

उरलेले व्हेप धुळवड झाल्यावर बाईंनी चिमट्याने एकेक उचलून लोखंडी बादलीत कोरड्या वाळूत पुरले. जाळायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, खाडीत तर नाहीच. पाण्यात विष उतरतं आणि ते आपल्याच ताटात येतं, असं त्यांनी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. रोह्याला धाटावच्या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक कचरा घेणारे लोक आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलून ठेवलं. मिथुन म्हणाला, गाडी माझी. गणपती पोचवायचा टेम्पो.

मी बाईंना गाठलं. "आम्ही आलो तर चालेल?" त्यांनी का म्हणून विचारलं नाही. उजमाने त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. "या," म्हणाल्या. "बादलीपासून लांब बसा. हात लावायचा नाही, चाचा. शपथ घ्या."

"रोज्यात शपथ घेत नाय," मी म्हटलं.

त्या पुढे मिथुनजवळ बसल्या. आम्ही तिघं मागे, गोणपाटावर. बादली झाकण लावून दुसऱ्या कोपऱ्यात दोरीने बांधली होती. नागोठणं गेलं, भिसे खिंडीची चढण लागली. तिघंही बादलीकडे बघत होतो. मयतीला जाताना माणसं जनाज्याकडे बघतात, तसे.

खिंडीत टेम्पो हळू झाला तेव्हा मी सरकलो. फरझाना म्हणाली, "अब्बा, नको." पण हात धरला नाही. झाकण काढलं, वाळूत बोटं घातली. दुसऱ्यांदा घातली तेव्हा निळा सापडला. एक बाजू वितळून वाकडी झाली होती, पोट फुगलं होतं, रंग मात्र तोच. मी नाकाजवळ नेला.

जळक्या प्लास्टिकचा वास आला. दुसरा कसलाच नाही. मी परत हुंगला, डोळे मिटून हुंगला, कुठेतरी खाली असेल म्हणून. रोज्यात अत्तर चालतं, धूर चालत नाही. हे कशात बसतं ते मला ठाऊक नाही. तसंही तिथं काही उरलं नव्हतं.

फरझानाने हात पुढे केला. तिने हुंगला, आणि थोडा वेळ तसाच तळहातावर धरून ठेवला, तापलेला आहे का बघतात तसा. मग उजमाकडे बघितलं. उजमाने घेतला नाही, लांबूनच वास घेतला आणि म्हणाली, "हा आपला नाय. दुसऱ्या कोणाचा तरी हाय."

"व्हय," मी म्हटलं, "दुसऱ्याचाच असंल." आणि वाळूत परत ठेवला, झाकण लावलं.

रोह्याला ती जागा म्हणजे एक पत्र्याची शेड. जुने टीव्ही, वायरी, मोबाईलचे ढीग. हितेश नावाचा माणूस होता, जाड हातमोजे घातलेला. त्याने एकेक व्हेप काढून टोकांना चिकटपट्टी लावली आणि वाळूच्या पिंपात ठेवला. फुगलेले वेगळे ठेवले. निळ्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "हा फारच फुगलाय. बरं झालं आणलात. घरात असता तर कपाट पेटलं असतं." फरझाना शेडबाहेर जाऊन उभी राहिली.

मी हितेशला विचारलं, "याचं पुढं काय होतं?"

"फोडून वेगळं करतात, चाचा. धातू काढतात. त्याची परत दुसरी बॅटरी होते."

"आणि आतला रस?"

"तो वेगळा नष्ट करतात. त्याचं काही होत नाही."

उजमाने मध्येच बापाला फोन लावला होता. रमजानात आमीरची शिफ्ट लवकर सुटते. स्क्रीनवर त्याचं तोंड आलं, उन्हाने बारीक केलेले डोळे, मागे रस्ता. "काय गो, शाळा नाय आज?"

"अब्बा, तुमची वस्तू टाकायला आलोय." तिने फोन पिंपाकडे फिरवला.

मग आमीर एकदम हळू बोलायला लागला. "हे तुला कुठं सापडलं? उजमा, ऐक, दादांना सांगितलं नायस ना?"

"दादा हे काय बाजूला हायत."

चाळिशी ओलांडलेला माझा मुलगा स्क्रीनच्या कडेला सरकला. फक्त एक कान दिसत राहिला. मिथुन तोंडावर हात ठेवून मागे वळला.

मी फोन घेतला. "तोंड दाखव."

"सलाम, अब्बा." तोंड आलं, पण डोळे खाली. दाढीत पांढरं झालं होतं. उजमाच्या हातातल्या फोनमध्ये ते मला इतके दिवस दिसलं नव्हतं. "अब्बा, सिगारेट सुटावी म्हणून घेतला होता. मी सोडणारच होतो. तुम्ही रागवा, पण..."

"मी रागावत नाय. रोजा हाय माझा. रोज्यात तोंड खराब करत नाय."

"मग ईद झाल्यावर फोन करतो. तेव्हा द्या शिव्या."

"फोनवर शिवी लागत नाय. समोर बसवून देणार." मी फोन दोन्ही हातांनी धरला. "ये."

तो वर बघायला लागला. माझ्याच तोंडाकडे बघत होता, काही बिघडलंय का ते शोधत.

"अब्बा, तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत उत्तम हाय. मी मरत नाय. मला तुला शिव्या द्यायच्या हायत, म्हणून ये."

"सुट्टीचं मी..." त्याने सुरू केलं आणि सोडून दिलं. मग विचारलं, "किती हायत?"

"ये, मग मोज."

फरझाना आत आली होती. तिने माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "माझ्या पण हायत. वेगळ्या."

आमीर हसला. मग हसायचा थांबला. त्याच्या मागच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज येत राहिला. हितेशने पिंपाचं झाकण लावलं, किमया बाई जाऊन टेम्पोत बसल्या, तरी फोन कोणीच ठेवला नाही.